हृदय किती रक्त उपसणार, हे ठरवते कोण?

तळजाई_वारी

नमस्कार.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी भाचीच्या ढोलपथकाचा सराव पाहायला मी नदीपात्रात गेलो होतो. वादक मंडळी कंबरेला ढोल बांधून तासभर घामाघूम होत वाजवत होती आणि त्यांच्यापैकी कोणालाही काही झाले नाही. कोसळली ती ध्वज धरून एका जागी ताठ उभी असलेली आमची एकोणीस वर्षांची भाची. लोकांनी काळजीपोटी तिला उचलून खुर्चीत बसवले, तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा शोधायला धावले. ती मात्र पांढरीफटक पडून मान टाकून बसलेली होती. शेवटी पथकातल्या एका थोराड मुलीने तिला खुर्चीतून उतरवून सतरंजीवर आडवे केले आणि तिचे पाय एका ढोलावर ठेवले. अर्ध्या मिनिटाच्या आत तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "ध्वज कोणाकडे आहे?"

नंतर रीतसर ईसीजी आणि इको झाला. दोन्ही निर्दोष होते. बहिणीचा प्रश्न मात्र कायम राहिला: हृदय इतके चांगले आहे, तर मग त्याने रक्त का पोचवले नाही? मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले असल्यामुळे तिला जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर मांडतो. हृदयात दोष नव्हता. हृदयाकडे पुरेसे रक्तच परत येत नव्हते.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि मिनिटाला साधारण ७० ते ७२ ठोके पडतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. यालाच डॉक्टर कार्डियाक आउटपुट म्हणतात. मी त्याला हृदयाचा उपसा म्हणणार आहे. शरीरभरच्या शिरांमधून उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) जे रक्त येते, त्याला परतावा म्हणू. शब्द बँकेतला वाटेल, पण येथे तो चपखल बसतो. रक्ताभिसरणाचे वर्तुळ बंद असल्यामुळे, काही ठोक्यांचा फरक सोडला तर, उपसा आणि परतावा सारखेच असावे लागतात. माझा मुद्दा असा की, निरोगी हृदयात उपसा किती व्हायचा हे परतावाच ठरवतो.

ही बरोबरी किती काटेकोर असावी लागते, याचे एक गणित मी विद्यार्थ्यांना नेहमी घालत असे. समजा, उजव्या निलयाने (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याने) डाव्यापेक्षा प्रत्येक ठोक्याला फक्त एक मिलिलिटर रक्त जास्त ढकलले. मिनिटाला ७२ मिलिलिटर आणि तासाभरात चार लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत तुंबेल, म्हणजे दुपारच्या जेवणापूर्वीच माणूस स्वतःच्या रक्तात बुडेल. तसे होत नाही, कारण दोन्ही निलयांना परस्परांचा हिशेब जुळवून देणारी व्यवस्था हृदयाच्या स्नायूतच आहे आणि ती चालायला मेंदूचा हुकूम लागत नाही.

ती व्यवस्था अशी की, ठोक्यापूर्वी निलय जितका अधिक भरेल, तितके त्याचे स्नायुतंतू अधिक ताणले जातात आणि तितक्याच जोराने ते आकुंचन पावतात. जर्मनीत ऑटो फ्रँक यांनी १८९५ च्या सुमारास बेडकाच्या हृदयावर हे दाखवले. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये कुत्र्याच्या हृदय-फुप्फुसांवर जो प्रयोग केला, तो तर डोळ्यांसमोर उभा राहण्याइतका साधा आहे. शिरांच्या बाजूला रक्ताची एक टाकी टांगलेली होती. टाकी वर उचलली की हृदयाकडे येणारा ओघ वाढे, हृदय फुगे आणि दोन-चार ठोक्यांत तितकेच जास्त रक्त बाहेर टाकू लागे. उलट, धमनीच्या बाजूचा विरोध वाढवला तरी हृदय थोडे अधिक ताणून घेऊन उपसा जवळपास पूर्वीइतकाच राखत असे. (अवांतर: 'हार्मोन' हा शब्द रूढ केला तोही याच स्टार्लिंग यांनी, १९०५ मध्ये.) ताणामुळे जोर का वाढतो, याचे जुने स्पष्टीकरण असे होते की, स्नायूतील दोन प्रकारचे तंतू एकमेकांवर अधिक सोयीने सरकतात, आता हेही ठाऊक आहे की, ताणलेला तंतू कॅल्शियमला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो.

आता पुन्हा नदीपात्रात येऊ. शरीरातील सुमारे ६४ टक्के रक्त कोणत्याही क्षणी मोठ्या अभिसरणातील, म्हणजे फुप्फुसे सोडून उरलेल्या शरीरातील, शिरांमध्ये असते. शिरा म्हणजे केवळ परतीची वाट नव्हे. ती कोठी आहे आणि तिच्या भिंती मऊ, सैल आहेत. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. मानेतील आणि महाधमनीतील दाबग्राही चेतातंतू ते तत्काळ टिपतात, नाडी थोडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळतही नाही. पण स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या पावलातील शिरेत सुमारे ९० मि.मी. पाऱ्याइतका दाब असतो. त्या दाबाने केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपत राहते, आणि पंधरा ते तीस मिनिटांत रक्ताच्या आकारमानाचा दहा ते वीस टक्के भाग अशा रीतीने अभिसरणातून वजा होऊ शकतो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत आणि पावलातील दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. ढोल वाजवणारा ठेक्यावर सतत पाय हलवत असतो, त्यामुळे त्याची पोटरी त्याच्या हृदयाला रक्त भरून देत असते. ध्वजधारीला ती मदत मिळत नाही. भरणा कमी होत जातो, प्रतिक्षेपांची शर्थ संपते, मग एकाएकी व्हेगस या हृदयाला आवर घालणाऱ्या चेतातंतूच्या प्रभावाने नाडी मंदावते, वाहिन्या सैलावतात आणि माणूस पडतो. पडणे हाच त्यावरचा शरीराचा उपाय आहे, कारण आडवे होताच पायांतले रक्त हृदयाकडे परत येते. तिला खुर्चीत बसवणाऱ्यांनी, हेतू चांगला असूनही, तो उपाय हिरावून घेतला होता.

झडपा पाहायच्या असतील तर हात खाली सोडून शिरा फुगू द्या. मनगटाजवळ एका शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने ती शीर कोपराच्या दिशेने निपटून घ्या. वरचे बोट उचलले तरी झडपेखालचा भाग रिकामाच राहील. खालचे बोट उचलले की तो क्षणात भरेल. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये नेमके हेच चित्र काढून दाखवले होते.

मंडळींनी शंका जरूर विचाराव्यात.

नळीवाला_भोसरी

लेख आवडला, पण एक हरकत नोंदवतो. आयुष्यभर पंपांत काम केल्यामुळे ती गिळता येत नाही. बंद वर्तुळात फिरणारे पाणी पंपाकडे परत येते ते पंपानेच ढकललेले असते म्हणून. मग 'परतावा उपसा ठरवतो' हे म्हणणे म्हणजे पंप बंद पडण्याचे कारण पाणी थांबणे आहे, असे म्हणण्यासारखे नाही का? आमच्या सोसायटीतल्या टाकीची उपमा येथे चालत नाही, कारण तेथे खालच्या टाकीत पाणी महानगरपालिका सोडते. शरीरात बाहेरून कोणी सोडत नाही.

तळजाई_वारी

हरकत अगदी योग्य जागी आहे, आणि या प्रश्नावर जाणकारांतही वाद झालेले आहेत.

मिसिसिपी विद्यापीठातील आर्थर गायटन यांनी १९५५ मध्ये या कोड्याचे दोन भाग पाडले. (शल्यचिकित्सक होऊ पाहणाऱ्या या माणसाला १९४६ मध्ये पोलिओ झाला आणि त्यामुळे ते पूर्णपणे शरीरक्रियाशास्त्राकडे वळले.) त्यांनी विचारले, हृदय क्षणभर थांबले तर काय होईल? धमन्यांतले रक्त शिरांकडे सरकेल आणि सर्वत्र दाब समान होईल. हा दाब सुमारे ७ मि.मी. पारा भरतो. तो हृदयाने निर्माण केलेला नसतो. वाहिन्यांच्या लवचीक भिंतींत रक्त किती ठासून भरले आहे, यावर तो ठरतो. हृदय चालू असताना उजव्या अलिंदातला दाब शून्याच्या आसपास असतो. ७ आणि ० यांतील फरकाला परतीच्या वाटेवरच्या विरोधाने, म्हणजे दर लिटरमागे सुमारे १.४ ने, भागले की मिनिटाला पाच लिटर येतात.

येथे पिंपाचे उदाहरण घ्या. तोटी तळापासून वीतभर वर बसवलेली असेल, तर तोटीखालचे पाणी पिंपात असूनही उपयोगाचे नसते. रक्ताचेही असेच आहे. बराच मोठा भाग वाहिन्यांना केवळ भरून ठेवतो, ताणत नाही, आणि दाब निर्माण होतो तो त्यावरच्या हिश्श्यामुळे. अनुकंपी चेतासंस्था (नाडी वाढवणारी आणि वाहिन्या आवळणारी, आपोआप चालणारी चेतासंस्था) शिरा आवळते तेव्हा रक्ताचा एक थेंबही न वाढवता तोटीखालचे पाणी तोटीवर येते.

आता तुमच्या व्यवसायातला मुद्दा. हृदयाने जोर लावून अलिंदातला दाब शून्याखाली खेचला, तर परतावा वाढत जाईल का? फार नाही. तुम्ही सक्शनला तारेचे वेटोळे असलेला होज लावता, कारण मऊ नळी चपटी होते. छातीत शिरणाऱ्या मोठ्या शिरा म्हणजे बिनतारेची मऊ नळीच आहेत. दाब शून्याखाली थोडा गेला की त्या चपट्या होतात आणि परताव्याचा आलेख आडवा होतो. म्हणून निरोगी हृदय कितीही तगडे केले तरी एकट्याच्या बळावर ते उपसा फारसा वाढवू शकत नाही.

तुमची बाजू मांडणारेही होते. मॅथ्यू लेव्ही यांनी १९७९ मध्ये सांगितले की, पंपाचा प्रवाह बदलला म्हणून अलिंदातला दाब बदलतो. दाबाला कारण आणि प्रवाहाला परिणाम मानणे ही आलेख वाचण्याची एक सोय आहे. माझ्या मते हे म्हणणे तर्काला धरून आहे. तरीही रुग्णाजवळ उभे असताना गायटन यांचा प्रश्न अधिक कामाचा ठरतो: बिघाड पंपात आहे, नळीत आहे की भरण्यात?

नळीवाला_भोसरी

मऊ होजचे उदाहरण पटले. तारेचा होज वापरायचा टाळून एकदा अख्खी पाळी वाया घालवलेली आहे. बाकी मी लेव्ही यांच्या बाजूने.

सिंहगड_दर_रविवारी

माझी विश्रांतीची नाडी ४८ आहे आणि आतकरवाडीहून चढताना ती १६० च्या पुढे जाते. उपसा म्हणजे ठोके गुणिले प्रत्येक ठोक्याचे रक्त, तर मग चढताना वाढतो तो नाडीमुळेच ना? परताव्याचा संबंध कोठे आला? आणि पुणे दरवाज्याशी पोचून एकदम थांबले की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

तळजाई_वारी

केवळ नाडी वाढवून पाहण्याचा प्रयोग झालेला आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसाला स्वस्थ झोपवून त्याची नाडी ७० वरून १२० केली, तर उपसा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो आणि दर ठोक्याला कमी रक्त निघते. नाडी आणखी पुष्कळ वाढवली तर उपसा उलट घटतो. परतावा तेवढाच असेल, तर घाई करून हृदय काय उपसणार?

चढताना घडते ते वेगळे. मांडी-पोटरीच्या स्नायूंना प्राणवायू कमी पडू लागला की तेथल्या सूक्ष्म धमन्या स्थानिक कारणांनीच सैलावतात आणि रक्ताला परतीची रुंद वाट मिळते. पोटऱ्या पिळत राहतात. प्रत्येक श्वासाला छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो, त्यामुळे रक्त वर ओढले जाते. अनुकंपी चेतासंस्था शिरा आवळते. एवढा सगळा ओघ येत असताना नाडी वाढली नाही तर हृदय फुगून जाईल, म्हणून नाडी आणि आकुंचनाचा जोर दोन्ही वाढतात. ओघाने ताणल्या गेलेल्या अलिंदामुळेही नाडी काहीशी वाढते. ते फ्रान्सिस बेनब्रिज यांनी १९१५ मध्ये दाखवले होते. सरावलेल्या धावपटूत मिनिटाचा उपसा ३५ लिटरपर्यंतही जातो. तुमची ४८ ची नाडी हेच सांगते की, तुमचा निलय प्रशस्त झालेला आहे आणि पाच लिटरसाठी त्याला तेवढे ठोके पुरतात.

दरवाज्याशी थांबलात की पोटरीचा पंप बंद पडतो, पण स्नायूंतल्या वाहिन्या अजून सताड उघड्याच असतात. म्हणून दोन-चार मिनिटे येरझारा घालाव्यात आणि पिठले-भाकरीच्या रांगेत ताटकळत उभे राहू नये.

भूल_चूक_देणेघेणे

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि हा विषय आमच्यापुढे रोज सकाळी टेबलावर झोपलेला असतो. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केला की त्याच भागातील अनुकंपी तंतूही बधिर होतात, शिरा सैलावतात आणि पाच-दहा मिनिटांत रक्तदाब घसरतो. हृदयाला आपण काहीही केलेले नसते. सिझेरियनच्या वेळी यात गर्भाशयाच्या ओझ्याची भर पडते. बाई उताणी झोपली की पोटातली मुख्य शीर मणक्यावर दाबली जाते. म्हणून आम्ही उजव्या कुशीखाली उशी सरकवून तिला थोडे डावीकडे कलते करतो. केवळ तेवढ्याने मळमळ थांबून चेहऱ्यावर रंग परत आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

धागाकर्त्यांच्या लेखात एक पुरवणी जोडतो. कृत्रिम श्वासाचे यंत्र लावले की श्वासाची गंमत उलटी होते: नैसर्गिक श्वासात छातीतला दाब उतरतो, यंत्राच्या श्वासात तो चढतो, आणि परतावा अडतो. शरीरातले रक्त किंवा पाणी आधीच कमी झालेल्या रुग्णाला यंत्रावर घेताना आमचा हात सलाइनजवळ असतो तो यासाठी. सलाइन द्यावे की नाही असा संभ्रम असेल, तेव्हा आम्ही रुग्णाचे दोन्ही पाय उचलून पाहतो. सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते आणि मिनिटभरात उपसा वाढला की नाही ते कळते. वाढला नाही तर पाय खाली ठेवायचे, काही बिघडत नाही. ढोलावर पाय ठेवणाऱ्या त्या मुलीने न शिकता हीच चाचणी केली.

धायरीकर_मुलगा

वाचून गोंधळ वाढला. माझ्या आईचे हृदय अशक्त झाले आहे, पायांवर सूज येते. परताव्याने उपसा वाढतो, असे आपण म्हणता, आणि डॉक्टर मात्र लघवी वाढवून पाणी काढण्याच्या गोळ्या देतात, मीठ बंद करतात. हे उलटे नाही का?

तळजाई_वारी

उलटे दिसते खरे, आणि हा प्रश्न परीक्षेतही अनेकांना अडवतो.

भरणा वाढला की जोर वाढतो, हा नियम निरोगी हृदयात चढणीसारखा आहे, पण ती चढण कोठेतरी संपून पठार लागते. अशक्त हृदयाचे पठार लवकर येते आणि सखल असते. उपसा कमी पडला की मूत्रपिंडांना वाटते, शरीरात पाणीच कमी आहे. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे भरणा वाढतो. सुरुवातीला याचा खरोखर उपयोग होतो आणि उपसा सावरतो. पुढे मात्र पठारावर कितीही भरणा केला तरी उपसा वाढत नाही, फक्त मागे दाब साचत जातो: उजवीकडे साचला तर पायांवर सूज आणि मानेच्या शिरा फुगलेल्या, डावीकडे साचला तर फुप्फुसांत पाणी आणि आडवे झोपले की दम. गोळी तो निरुपयोगी भरणा काढते. पठारावरून दोन पावले मागे आल्याने उंची कमी होत नाही. आणि खूप ताणलेल्या निलयाला तेवढाच दाब निर्माण करायला जास्त श्रम पडतात, तेही वाचतात.

मात्र मागे येता येता चढणीवर उतरलो तर चक्कर, थकवा सुरू होतो. म्हणूनच डॉक्टर आईंचे वजन रोज सकाळी लिहून ठेवायला सांगत असतील. त्या वहीवर गोळीची मात्रा ठरते. आपण स्वतः ती कमीजास्त करू नये.

धायरीकर_मुलगा

वही आहे. आतापर्यंत मी ती आईच्या जेवणाची नोंद समजत होतो. आभारी आहे.

डावा_हात_जपून

मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. डाव्या हातात फिस्च्युला आहे, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडलेली. त्यावर तळवा ठेवला की मांजर घुरघुरल्यासारखे लागते. एकदा तपासताना डॉक्टरांनी तो क्षणभर दाबला आणि नाडी मोजली. ती कमी झाली म्हणाले. हात दाबून हृदय कसे मंद होते?

तळजाई_वारी

आपण या धाग्यातला सर्वांत चांगला पुरावा आणलात. फिस्च्युलात रक्त केशवाहिन्यांचा विरोध टाळून धमनीतून थेट शिरेत उतरते. त्यातून मिनिटाला अर्धा लिटर ते एक लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जाते. म्हणजे आपल्या हृदयाकडे तेवढा जादा परतावा सतत येत असतो आणि ते निमूटपणे तेवढे जास्त उपसत असते. डॉक्टरांनी फिस्च्युला दाबला, त्या क्षणी जवळची वाट बंद झाली, धमनीतला दाब किंचित चढला, मानेतल्या दाबग्राही तंतूंनी ते टिपले आणि व्हेगसने नाडी खाली आणली. दोन-चार ठोक्यांत परतावाही घटला. हृदयाला कोणी हात लावला नाही, कोणते औषध दिले नाही. डाव्या हातावरच्या एका अंगठ्याने उपसा बदलला.

ही तपासणी डॉक्टरांकडेच राहू द्या. घरी दाबून पाहू नका, आत गुठळी झाली तर फिस्च्युला कायमचा बंद पडतो. झोपताना त्या कुशीवर वळत नाही ना, एवढे पाहा. घुरघुर रोज सकाळी तळव्याला लागते की नाही ते तपासत जा, आणि एखाद्या दिवशी लागली नाही तर डायलिसिसच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.